खरवडीचं सार

"आम्ही उणकलचं घर सोडू," एवढं चेतन म्हणाला आणि फोन तुटला. बंगळूरहून येणारी गाडी तुमकूरच्या पुढं कुठंतरी असणार, तिथं आवाज नेहमीच जातो. त्याआधीचं सगळं नीट ऐकू आलं होतं. दुपारी हुबळीत उतरतो, आधी केशवापूरला आईकडे जातो, संध्याकाळी सातला तिकडे येतो, बोलायचंय. उत्तराच्या एका हातात श्रीनिधीच्या डब्याचं झाकण होतं, दुसऱ्या हातात बंद पडलेला फोन, आणि डब्यातल्या उपम्याची वाफ तिच्या मनगटावर जमत होती. पुन्हा फोन लावावा असं तिला वाटलं नाही. किंवा वाटलं, आणि तिनं ते वाटणं झाकणाखाली दाबून टाकलं. लावला असता तर विचारावं लागलं असतं, आम्ही म्हणजे कोण? आणि नवऱ्याला असलं व्याकरण विचारायचे दिवस कधीच मागं पडले होते. "आई, मी आहे," बाहेरच्या खोलीतून श्रीनिधी ओरडली. साडेचार वर्षांची पोर. बूट घालताना, चित्र काढताना, संडासात बसलेली असताना, मधूनमधून ती अशी हजेरी द्यायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आई येऊन बघण्याआधीच आपण सांगून टाकलं की आई येत नाही, एवढं तिचं तिलाच उमगलं होतं.

लग्नाच्या पहिल्या महिन्यात केशवापूरच्या घरी जेवणाच्या टेबलावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "उद्या सकाळी आम्ही सौंदत्तीला जाणार. सहाला निघायचं." उत्तरानं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर पडतील तेवढ्यात घर आवरून ठेवावं म्हणून ती साधी साडी नेसून, केस बांधून, केरसुणी घेऊन उभी राहिली. खाली गाडी चालू होती, हॉर्न वाजत होता, मग सासूबाईच हाशहुश करत जिना चढून वर आल्या. "अगं, काय हे! सगळी गाडी खोळंबलीय तुझ्यासाठी. सुनेला यल्लम्माच्या पायावर घालायचं म्हणून तर चाललोय, आणि सूनबाई केर काढतेय!" उत्तरा म्हणाली, "तुम्ही काल 'आम्ही जाणार' म्हणालात." "मग?" मंगलाबाईंना खरंच कळेना. "आम्ही म्हणजे सगळेच की गं बाई!" त्या गदगच्या, कन्नड शाळेत शिकलेल्या, मराठी त्यांच्या तोंडात होती ती घरातली, सासरची, वळणं गळून गुळगुळीत झालेली. चेतननं गाडीत समजावून सांगितलं होतं, हसत हसत. "कन्नडमध्ये एकच आहे. नावु. त्यात सगळे मावतात. आमच्या घरी मराठीतपण तसंच." उत्तराचे वडील प्रभंजन मास्तर धारवाडला गणित शिकवायचे, पण घरात चुकीचा शब्द पडला की जेवण थांबवून दुरुस्त करायचे. त्यांच्या मुलीला ते 'आम्ही' कुसळासारखं टोचत राहिलं. "आपण म्हण," ती सांगायची. "आपण सिनेमाला जाऊ, आपण घर बघू. आम्ही म्हटलं की मी दाराबाहेर राहते." आणि चेतन तोंड अगदी गंभीर करून म्हणायचा, "आपण हा शब्द बँकेतल्या साहेबांना म्हणतात. आपण कुठून आलात? आपण चहा घेणार का?" मग ती उशी फेकायची. सात वर्षांत तो ते शिकला नाही. आम्ही उणकलला फ्लॅट बघितलाय, आम्ही मुलीचं नाव श्रीनिधी ठेवू, आम्हाला आता दुसरं मूल नको. प्रत्येक वेळी तिला क्षणभर थांबून स्वतःला त्या शब्दात नेऊन बसवावं लागे, आणि प्रत्येक वेळी आत जागा असायची. आज सकाळी तिनं तसंच केलं. उणकलचं घर सोडून तिघंही बंगळूरला. तिथं त्याच्या खोलीऐवजी दोन खोल्या, निधीची नवी शाळा. नेऊन बसवलं तिनं स्वतःला. पण मग, आधी केशवापूरला कशाला जायचं?

निधीला शाळेत सोडून परत येताना ती तळ्याच्या बाजूला वळली, तिथून क्रॉसजवळच्या चिकनच्या दुकानासमोर येऊन थांबली. हे ठरवून झालं नाही. पण थांबल्यावर तिला कळलं की आपण फोन तुटल्यापासून इकडेच येत होतो. तिच्या माहेरात अंडंसुद्धा येत नव्हतं. सासरी सगळं चालायचं, पण सोमवार, गुरुवार, श्रावण पाळून. आणि उत्तरानं कधी हात लावला नाही, तसा कुणी आग्रहही केला नाही. चिकन करायचं ते चेतननं. त्याचा तवा वेगळा, सुरी वेगळी, फळी वेगळी, ओट्याचा खिडकीकडचा कोपरा त्याचा. ती दारात स्टूल टाकून बसायची आणि बघायची. एवढं बघितलं होतं की तिला ते सगळं येत होतं, एखाद्या पुलावरून रोज जाणाऱ्याला खालची नदी ठाऊक असते तसं. "कातडी काढायची की ठेवायची, अक्का?" दुकानदारानं कन्नडमध्ये विचारलं. "ठेवा." "तुकडे लहान?" "नाही. मांडीचे अख्खे. चार." त्यानं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, कारण ती त्याच्याकडे बघत नव्हती, दुकानासमोरच्या रस्त्याच्या दुभाजकाकडे बघत होती. "पाहुणे का?" "नवरा येतोय," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की विचारलं होतं पाहुण्यांबद्दल.

तवा माळ्यावर होता. दोन वर्षांपूर्वीच्या कन्नड वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळी बांधलेला. बिडाचा, खोलगट, एका बाजूला जाड दांडी असलेला. चेतननं तो लग्नानंतर दुर्गदबैलच्या बाजारातून दोन्ही हातांत धरून, एखादं पिल्लू आणावं तसा आणला होता. तेल लावून, तापवून, पुन्हा तेल लावून त्यानं तो महिनाभर पोसला. एकदा मास्तर अचानक धारवाडहून आले, आणि तवा झाकायच्या आत स्वयंपाकघरात शिरले. "वा! हा हंच कुठं मिळाला? दोसे घालता काय?" "हो अप्पा, दोशाचाच," चेतन म्हणाला, डोळ्याची पापणी न हलवता. मग काय, घालावेच लागले. त्यानं तवा तीनदा मिठानं घासला, तीनदा उकळतं पाणी ओतलं, आणि दोसे घातले. मास्तरांनी चार खाल्ले. "बीड ते बीड," ते म्हणाले, "तुमच्या त्या काळ्या नॉनस्टिकला ही चव नाही. काहीतरी वेगळाच खमंगपणा आहे बघ, तुझ्या आईला सांगितलं पाहिजे." ते गेल्यावर दोघं न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, तोंडावर टॉवेल धरून हसली होती, शेजारच्या गोदावरीअक्कांना ऐकू जाऊ नये म्हणून. "आम्ही नरकात जाणार," चेतन म्हणाला. "आम्ही? तू एकटाच!" "तू बघत होतीस की." आता सुतळी सोडताना ते हसू तिला आठवलं, पण नुसतंच आठवलं, दुसऱ्याच्या घरातल्या फोटोसारखं. तव्याला कडेनं तांबूस गंज धरला होता. तिनं जाड मीठ घेतलं, बटाट्याची फोड घेतली, आणि तो करायचा तसंच गोल गोल घासायला लागली.

तीन वाजता केशवापूरहून फोन आला. "पोचला गं चेतन. जेवला, झोपलाय." मंगलाबाईंचा आवाज खाली होता, झोपलेल्यासाठी की कशासाठी कोण जाणे. "निधी काय करतेय?" "चित्र काढतेय." आतून लगेच, "अज्जी, मी आहे!" "हो गं माझी बाई. आणि तू काय करतेस संध्याकाळी?" "चिकन करतेय, आई. ते तव्यातलं." "तू?" "हो." "तू हात लावणार?" "लावला. सकाळीच आणलंय." "उधो यल्लम्मा!" सासूबाई म्हणाल्या, आणि हसायला लागल्या, आणि मधेच त्यांनी हसणं सोडून दिलं. "उत्तरा, आम्ही बोललो बाई आज. आम्ही काही तुझ्या वाइटावर नाही हो." उत्तरानं भिंतीला टेकून विचारलं, "काय बोललात?" "तो सांगेल. मी कशाला मधे? तू जेव मात्र. काही का असेना, तू जेव. वाळून कोळ झालीयस." फोन ठेवल्यावर ती तिथंच उभी राहिली. आम्ही बोललो, यात ती नव्हती, हे सरळच होतं. आम्ही तुझ्या वाइटावर नाही, यातही नव्हती. दोन्ही वाक्यं व्याकरणाला धरून होती. मंगलाबाईंचं मराठी एका दुपारीत इतकं शुद्ध कसं झालं?

सहा वाजता तिनं तुकडे फ्रिजमधून काढले आणि स्वच्छ पंच्यानं एकेक टिपायला घेतला. ओलं असलं की भाजत नाही, उकडतं, तो सांगायचा. तुकडा गार होता, जड होता, आणि कातडीखाली मांस हलत होतं ते अगदी निधीच्या मांडीसारखं, आंघोळीनंतर पंच्यानं टिपताना हलतं तसं. उत्तराचा हात थबकला. मग तिनं पुढचा तुकडा उचलला. मीठ, मिरपूड, किंचित हळद. पलीकडे बटाट्याच्या जाड फोडी, गाजर, बीन्स, ढबू मिरची, चार कांदे उभे चिरलेले. हे सगळं ती उजव्या डोळ्यानं करत होती असं म्हणायला हरकत नाही, कारण डावा दारातून बाहेरच्या खोलीत होता. सोफा तिनंच फिरवून घेतला होता, दोन वर्षांपूर्वी, ओट्यापाशी उभं राहिल्यावर त्याच्यावर बसलेलं माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा. चेतन म्हणाला होता, "टीव्ही आता तिरका दिसतो." मग काही दिवसांनी, "मान दुखते." मग काहीच म्हणेनासा झाला. तवा तापला. तेल पातळ होऊन कडेपर्यंत पळालं, आणि तिनं पहिला तुकडा कातडी खाली करून ठेवला तेव्हा असा मोठा चर्र आवाज झाला की ती मागं सरली. त्या आवाजासरशी तो रविवार आला. येणार हे तिला माहीत होतं.

त्या रविवारी ती धारवाडला कॉलेजचे पेपर तपासायला गेली होती, निधीला सकाळपासून कणकण होती, फार नाही, आणि चेतन म्हणाला होता, "जा तू, आम्ही आहोत की." दुपारी परत येताना ती चिगरी बसमधून उणकलला उतरली, जिना चढली, आणि दाराबाहेरच तिला तो वास आला, लसूण आणि लोण्याचा, आणि ती हसलीसुद्धा. आत चिमणीचा पंखा घोंघावत होता. तवा तडतडत होता. चेतन तिच्याकडे पाठ करून उभा होता, एका हातात लोणी, एका हातात लाकडी उलथनं. आणि सोफ्यावर अडीच वर्षांची निधी धनुष्यासारखी ताणली होती, डोळे वर गेलेले, ओठ निळे, एक हात झटके देत होता, अगदी शांतपणे, काही आवाज नाही. उत्तराच्या ओरडण्यानं चेतन वळला तेव्हा त्याच्या हातातलं लोणी फरशीवर पडलं, आणि रिक्षाकडे धावताना ती त्याच्यावरून घसरली, गुडघा फुटला, तेही तिला रात्री कळलं. देशपांडे नगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत झटके थांबले होते. डॉक्टर म्हणाले, तापातली आकडी. पुष्कळ मुलांना येते, पाच वर्षांपर्यंत, यानं मेंदूला काही होत नाही, घाबरू नका. निधीनं डोळे उघडून बिस्किट मागितलं. सगळं संपल्यावर, अगदी सगळं ठीक झाल्यावर, दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून उत्तरा चेतनला म्हणाली, "तू बघत नव्हतास." आवाज चढवून नाही. एखादी नोंद करावी तशी. तो काहीतरी बोलणार होता, मग त्यानं हातांकडे पाहिलं, त्यांना अजून लोणी होतं. तो म्हणाला, "मी सार करत होतो." एवढंच. हे दोघांमधलं त्या विषयावरचं शेवटचं बोलणं. तिनं कॉलेज सोडलं. ती बघायला लागली. निधीचा श्वास, निधीचं कपाळ, ताट, डोळे. आणि निधीला बघणाऱ्या चेतनला. तो तिला गोष्ट सांगत असला तरी ही दारात. आठ महिन्यांपूर्वी त्यानं बंगळूरला बदली मागून घेतली तेव्हा तो म्हणाला, आम्ही थोडे दिवस असं करून बघू.

तिनं चिमटा उचलला आणि तुकड्याची कड वर करून पाहिली. कातडी तव्याला धरून बसली होती, ओढल्यावर फाटली. "सोड गं त्याला," तो म्हणायचा, स्टुलावरून उठून हिनं मान पुढं केली की. "सारखं उचलून बघू नको. झालं की आपोआप सुटतं." तिनं चिमटा ठेवला. हात पाठीमागं बांधले. एक मिनिट, दोन, तीन. तवा तडतडतोय, बाहेर निधी म्हणतेय "मी आहे", ही म्हणतेय "हो". मग परत धरलं तर तुकडा अलगद सुटून चिमट्यात आला, खालून सोनेरी, आणखी कुठं न फाटता. चारही तसेच. ते काढून ताटलीत ठेवले, सुटलेल्या चरबीत बटाटे, गाजर, मग कांदा, बीन्स, शेवटी ढबू मिरची. वर पुन्हा तुकडे, झाकण. वीस मिनिटांनी सगळं काढून घेतल्यावर तव्याच्या बुडाशी राहिली ती खरवड. काळपट तांबडी, चिकटलेली, कुणीही घासून टाकली असती अशी. पहिल्यांदा त्यानं हे केलं तेव्हा उत्तरा म्हणाली होती, "जळलं की रे!" आणि तो म्हणाला होता, "जळलं नाही. हेच तर खरं." त्यातून होणाऱ्या रसाला त्यानं नाव दिलं होतं खरवडीचं सार. आता हिनं लसूण टाकला, आच वाढवली, चिमणी लावली, आणि बटाट्याचं बाजूला ठेवलेलं पाणी वाटीभर ओतलं. तवा फुसकारला. वाफेनं चष्मा आंधळा झाला. लाकडी उलथन्यानं बूड खरवडायला लागायचं ते लगेच, थांबलं तर करपतं; कड सुटते, मग मध्य सुटतो, पाण्याला रंग चढतो, आधी चहासारखा, मग काकवीसारखा; थोडं आटवायचं, फार नाही; लिंबू; आच बंद; मग गार लोणी, थोडं थोडं, तवा फिरवत, फुटू न देता. लोण्याचा शेवटचा गोळा विरला आणि सार एकदम चकाकलं, आरशासारखं, आणि तिला इतकं बरं वाटलं की ती हसली. तिनं चिमणी बंद केली.

घर शांत होतं. तिनं वळून पाहिलं. सोफ्यावर निधी नव्हती.

ती कशी धावली ते तिला सांगता आलं नसतं. निधी सोफ्याच्या मागं, जमिनीवर पालथी पडून, जीभ बाहेर काढून एका बदकाला निळा रंग देत होती. "मी किती वेळा ओरडले," ती वर न बघता म्हणाली, जरा रागावून. "मी आहे, मी आहे, मी आहे. तू हो म्हटलंच नाहीस." उत्तरा फरशीवर बसली. घड्याळात सात वाजायला पाच कमी होते. पाच मिनिटं, सहा असतील. सहा मिनिटं ती पाठ करून उभी होती, चिमणी घोंघावत होती, आणि तिला मुलगी आहे हे तिला माहीत नव्हतं. वाईट आई म्हणून नाही. सार करत होती म्हणून. तिला वाटलं आपल्याला रडू येईल, पण आली ती एक भलतीच हलकी, जवळजवळ आनंदाची लाट: आता तो आला की हे सांगायचं. दारातच सांगायचं. दोन वर्षं ती जे शोधत होती ते माळ्यावर होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. सांगितलं की झालं. मग तो म्हणेल, आम्ही जूनमध्ये बंगळूरला जाऊ, आणि ती त्याला दुरुस्तसुद्धा करणार नाही.

तो बरोबर सातला आला. वाळला होता. निधी त्याच्या पायाला लटकली, त्यानं तिला उचललं, बदक पाहिलं, "निळं का गं?" "पाण्यात बुडलंय म्हणून." मग त्याला वास आला. तो निधीला घेऊन तसाच स्वयंपाकघराच्या दारात आला आणि थांबला. तवा पाहिला. "तू केलंस?" "बस," उत्तरा म्हणाली. दारात सांगणं राहूनच गेलं, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. तिनं वाढलं, सार वरून घातलं, पोळ्या ठेवल्या. स्वतःसाठी दहीभात घेतला. तो पहिला घास घेऊन बराच वेळ चावत राहिला. "मीठ बरोबर आहे," तो म्हणाला. "कातडी फाटू दिली नाहीस." "एक फाटली. उचलून बघितलं." त्यावर तो जरासा हसला. निधीनं सार बोटानं चाटून पुसून खाल्लं, "अजून" म्हणाली, खाल्लं, आणि बदकाकडे पळाली.

"चेतन," उत्तरा म्हणाली, "आज मी पण बघत नव्हते. सार करताना. सहा मिनिटं. ती मला हाका मारत होती आणि मला ऐकूच आलं नाही." तिचा आवाज थरथरला तो तिला आवडला नाही, पण ती थांबली नाही. "दवाखान्याच्या जिन्यात मी ते म्हणाले ते... ते मला कळलं नव्हतं. आज कळलं. कुणीही असतं तरी तसंच झालं असतं. मी असते तरी." चेतननं ताटातला हात तसाच ठेवून दुसरा हात डोळ्यांवर घेतला. त्याचे खांदे हलले. एकदा, दोनदा. तिनं टेबलावरून हात पुढं केला आणि त्यानं तो धरला, घट्ट, चिकट बोटांनी, आणि तिला वाटलं, सुटलं. अलगद सुटलं सगळं. बाहेर निधी म्हणाली, "मी आहे," आणि दोघं एकदम म्हणाली, "हो."

मग तो म्हणाला, "आपण वेगळं राहू या, उत्तरा."

आधी तिला नुसता शब्द ऐकू आला. सात वर्षं ज्याची वाट पाहिली तो शब्द, नीट, जागच्या जागी. ती त्यात होती. यावेळी क्षणभरही थांबून स्वतःला आत नेऊन बसवावं लागलं नाही. उरलेलं वाक्य मागाहून आलं, दूरवर घण पडताना दिसतो आणि आवाज नंतर येतो तसं. "तू सकाळी आम्ही म्हणालास," ती म्हणाली. "हो. तोंडातून गेलं." त्यानं तिचा हात सोडला नव्हता. "मग दिवसभर वाटत राहिलं, हिला कळलंच नसणार. हिनं काय समजून घेतलं असेल. सौंदत्तीसारखं व्हायला नको परत. म्हणून येताना घोकत आलो." "मी आत्ता जे सांगितलं..." "ऐकलं मी. ते वाक्य मी केव्हाच सोडलं होतं गं. खरंच. पण त्यानंतर तू मला काही म्हणालीच नाहीस. भांडलीसुद्धा नाहीस. नुसती बघत राहिलीस. मी ग्लास उचलला तरी. मला आता माझे हात घरात कुठं ठेवायचे तेच कळत नाही. तिथं खोलीवर एकटा असतो तेव्हा ग्लास ग्लासासारखा उचलता येतो." त्यानं शब्द सापडतोय का ते पाहिलं. "तुझी चूक नाही. आपली आहे." पुन्हा तोच. एकदा जमल्यावर त्याला तो शब्द आता सहज येत होता.

त्यानं ताट पुसून संपवलं, कारण टाकणं त्याच्यानं झालं नसतं. घर जूनपर्यंत आहे म्हणाला. तू धारवाडला जा, इथं राहा, कॉलेज परत धर, तुला वाटेल तसं. आईलाही सांगितलंय, ती दुपारभर रडली. मी दर पंधरवड्याला येईन. उद्या सकाळी निधीला तळ्यावर नेतो. उत्तरा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, सहाला निघायचं असं कुणी सांगितल्यासारखी. जाताना त्यानं हात धुतले, निधीच्या केसांवरून फिरवले, तव्याकडे पाहिलं. "हा तू घेऊन जा," ती म्हणाली. "राहू दे," तो म्हणाला. "तुझा हात बसलाय त्याला आता." दारात नेहमीसारखं "येतो" म्हणाला, आणि जिना उतरताना त्याची पावलं हलकी होत गेली, ती तिनं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली.

स्वयंपाकघरात दिवा जळत होता. तवा अजून कोमट होता आणि बुडाशी दोन चमचे सार राहिलं होतं, कडेनं घट्ट होत आलेलं. ते धुऊन टाकायला तिनं तवा उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला. चौतीस वर्षांत जे तोंडात घातलं नव्हतं ते तिनं बोटावर घेतलं आणि चाखलं. त्या रविवारी तो कशाकडे बघत होता ते एकदा कळायला हवं होतं. आधी लिंबू लागलं, मग लोणी, मग त्याच्या खालून, अगदी तळातून, ती भाजकी, किंचित कडवट, गोडसर चव वर आली आणि जिभेवर राहिली. चांगलं झालं होतं. इतकं चांगलं की कुणीही पाठ करून उभं राहिलं असतं.

"आई," बाहेरून निधी म्हणाली, "मी आहे."

"हो," उत्तरा म्हणाली. ती वळली नाही. तिनं उलथनं घेतलं आणि तव्याचं बूड हळूहळू खरवडायला लागली.